हरवलेली जगं, समांतर जगं: परत येणाऱ्याच्या हातात काय असतं?

शुभ्रा_मिरज

नमस्कार. मी मिरजेला अकरावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. आमच्या पाठ्यपुस्तकात जयंत नारळीकरांचा 'द ॲडव्हेंचर' हा धडा आहे, म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत' या गोष्टीचं आटोपशीर इंग्रजी रूप. त्यात गंगाधरपंत पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या एका दुसऱ्याच जगात जाऊन येतात आणि पुरावा म्हणून तिकडचा फाटका कागद राजेंद्र देशपांडेपुढे ठेवतात. यंदा तो शिकवला आणि वर्ग पेटला. विश्वासराव वाचले, मराठे जिंकले, ईस्ट इंडिया कंपनी दोनचार बंदरांपुरती उरली, मग पुढे काय काय झालं असतं यावर मुलं घंटा झाली तरी भांडत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एका फाटक्या कागदावर राजेंद्रचा विश्वास कसा काय बसला? माझा नसता बसला."

मला तिला चांगलं उत्तर द्यायचं आहे. 'गोष्टच आहे ती' असं म्हणून वाटेला लावायचं नाही.

दुसरं असं की शनिवारी आमचा वाचनाचा तास असतो आणि मुलांना आता याच जातीचं आणखी वाचायचं आहे. शाळेच्या कपाटात कॉनन डॉइलची 'द लॉस्ट वर्ल्ड' आणि ज्यूल व्हर्नची पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची कादंबरी आहे. पण एका मुलाचं म्हणणं, हरवलेल्या जगाच्या गोष्टी आता बाद झाल्या. कुठलाही डोंगर मोबाइलवर वरून दिसतो, तिथे डायनासोर कुठे लपणार? त्याच्या मते समांतर जगाच्या गोष्टीच खऱ्या विज्ञानकथा.

मला आतून वाटतं की ही दोन्ही एकाच कुळातली आहेत, पण का ते धड सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी. सुरुवात कशाने करू?

प्रकाशवर्ष

मी तुमच्या त्या विद्यार्थ्याच्या बाजूने. हरवलेल्या जगाला नकाशावर कोरी जागा लागते आणि ती विसाव्या शतकात संपत गेली. समांतर जगाला मात्र पदार्थविज्ञानाचा आधार मिळाला. ह्यू एव्हरेटने १९५७ साली क्वांटम सिद्धान्ताची जी मांडणी केली, तिच्यात मोजमापाच्या वेळी एक शक्यता खरी आणि बाकीच्या खोट्या असं होत नाही, सगळ्याच शक्यता आपापल्या जागी घडत राहतात. पुढे १९७० च्या सुमाराला ब्राइस डिविट यांनी ती कल्पना 'अनेक विश्वं' या नावाने सगळीकडे पोचवली. धड्यात राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना समजावतो ते याच वळणाचं आहे.

मुलांना आधी एवढं विज्ञान सांगा आणि मग गोष्टी द्या. डॉइल, व्हर्न सुट्टीत वाचतील.

रुमाल_सोडताना

शुभ्राताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिने विचारलं तेच विचारत राहणं हे माझं रोजचं काम आहे. मी पुण्यात मोडी कागदांचं लिप्यंतर करते. रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडी गाठोडं, सोडायचा, बंद म्हणजे लांब कागद सरळ करायचा, आणि वाचायच्या आधी बघायचं की हा कागद जो असल्याचं सांगतो आहे तो तोच आहे का. कागद जुन्नरी वाटतो की दौलताबादी, शाई किती पिकली आहे, मायना त्या माणसाच्या दर्जाला शोभतो का, शेवटी लेखनसीमेचा शिक्का आहे का. तो शिक्का असण्याचं कारणच हे, की मजकूर इथे संपला, याच्या खाली कोणी काही घुसडू नये.

त्यामुळे या गोष्टी मी एकाच नजरेने वाचत आले आहे. हरवलेलं जग असो की समांतर जग, कोणीतरी जाऊन येतो, इथली माणसं त्याला खोटं पाडतात, आणि मग तो काहीतरी पुढे ठेवतो. काय ठेवतो, आणि ते कोण तपासतं, यात माझ्या मते या कथांचा जीव आहे. तुम्हाला जे कूळ एक वाटतं ते इथे एक आहे. डायनासोर आणि पानिपत या त्यानंतरच्या गोष्टी.

'द लॉस्ट वर्ल्ड' १९१२ साली एप्रिल ते नोव्हेंबर 'स्ट्रँड' मासिकातून क्रमशः आली. मुलं डायनासोरची वाट बघत पहिली प्रकरणं पळवतील, त्यांना पळवू देऊ नका. प्रोफेसर चॅलेंजर दक्षिण अमेरिकेतून परत आलाय, लंडनमध्ये त्याला सगळे थापाड्या म्हणतात, आणि मॅलोन नावाचा तरुण वार्ताहर त्याच्या घरी जातो. चॅलेंजरकडे असतं काय? मेपल व्हाइट नावाच्या एका मेलेल्या अमेरिकन चित्रकाराची वही. होडी उलटून खराब झालेला फोटो. एक हाड. एका पंखाचा तुकडा. तो एकेक वस्तू मॅलोनच्या हातात देतो. मॅलोन प्रत्येक वेळी शंका काढतो, आणि शंका रास्त असते. वहीतल्या चित्रातला प्राणी खरंच एवढा मोठा कशावरून? तर त्याच्या मागे काढलेलं झाड कुठल्या जातीचं आहे ते ओळख, ते झाड किती उंच वाढतं ते ठाऊक असेल तर प्राण्याची उंची निघते. हे पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता! आम्ही तारीख नसलेल्या पत्राचं साल असंच काढतो. पत्रात कोणाचा तरी उल्लेख येतो, तो माणूस त्या हुद्द्यावर कधी होता ते माहीत असतं, त्यावरून.

पुढचं मुलांना आधी सांगू नका. चॅलेंजर, मॅलोन आणि मंडळी डायनासोरांच्या पठारावरून परत येतात, लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये तुडुंब सभा भरते, आणि एडिंबराचे एक डॉक्टर इलिंगवर्थ उठून म्हणतात की तुमच्या शब्दावर कोणी का विश्वास ठेवावा? फोटो? फोटो तर बनवता येतात. तेव्हा चॅलेंजर पेटी उघडतो आणि आतून जिवंत टेरोडॅक्टिल, म्हणजे डायनासोरांच्या काळातला उडणारा प्राणी, बाहेर येतो. सभेत हलकल्लोळ. पण तो प्राणी खिडकीतून निघून जातो, म्हणजे एकमेव पक्का पुरावा हातचा जातो. डॉइलने ते जाणूनबुजून केलं आहे. पेटी बंद राहिली असती तर पुस्तक तिथेच मेलं असतं.

आणि याच डॉइलचं पुढे काय झालं हे मुलांना अवश्य सांगा. १९२० च्या नाताळात त्याच 'स्ट्रँड'मध्ये त्याने यॉर्कशरमधल्या कॉटिंग्ले गावच्या दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो खरे म्हणून छापले. इलिंगवर्थच्या तोंडी फोटोवरची शंका घालणारा हाच लेखक. त्या दोघींनी १९८३ मध्ये, म्हातारपणी, कबूल केलं की त्या कागदातून कापलेल्या आकृत्या होत्या. पुष्कळ लोक इथे डॉइलला हसतात. मला हसू येत नाही. महायुद्धात जखमी झालेला त्याचा मुलगा किंग्स्ली १९१८ मध्ये गेला होता. पलीकडे काहीतरी आहे यावर त्याचा विश्वास आधीपासून होता, आता त्याला ते हवंच होतं.

आपल्याकडे पानिपतानंतर नेमकं हेच घडलं. सदाशिवरावभाऊ पडले हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मानलं नाही, वैधव्य घेतलं नाही. आणि मग एक माणूस उभा राहिला की मीच भाऊ. किल्ल्यांवर कैदेत होता, १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला, कोकणातले किल्ले घेत सुटला, लोक त्याला मिळत गेले. शेवटी पकडला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. लढाईला पंधरा वर्षं उलटली होती तरी माणसं त्याच्यामागे गेली, याचा मी पुष्कळदा विचार करते. पानिपत आपण हरलोच नाही, निदान भाऊ तरी वाचले, असं एक जग लोकांनी मनात जपून ठेवलं होतं आणि हा माणूस तिथून आल्यासारखा आला. नारळीकरांच्या आधी दोनशे वर्षं.

आता फाटका कागद. तुमच्या धड्यातही तो प्रसंग आहे, नीट वाचून बघा. गंगाधरपंत राजेंद्रपुढे एक नाही, दोन कागद ठेवतात. एक तिकडच्या जगातल्या 'भाऊसाहेबांच्या बखरी'चं फाटकं पान, चुकून खिशात आलेलं. दुसरी आपल्या घरातल्या बखरीच्या त्याच पानाची प्रत. दोन्हींत विश्वासराव घोडा घालतात, दोन्हींत तीच गर्दी, तीच वाक्यं. मग एकीत देवाची कृपा होते आणि गोळी कानाजवळून जाते, दुसरीत अवकृपा होते आणि गोळी लागते.

आमच्या धंद्यात एकाच पत्राच्या दोन नकला समोर आल्या की त्या ओळीला ओळ लावून बघतात. जिथवर जुळतात तिथवर मूळ एक. जिथे फुटतात तिथे कोणाच्या तरी हातून काहीतरी घडलं आहे. राजेंद्रला पटतं ते एका कागदामुळे नव्हे, या जुळणीमुळे. खोटा कागद करणारा माणूस गप्प बसत नाही, त्याला मोठी बातमी द्यायची असते, तो दिल्लीच्या तख्तापर्यंत मजकूर नेतो. इथे फरक आहे तो तिळभर अंतराचा. आणि बाकी सगळं जुळतं, याचा अर्थ त्या गोळीपर्यंत दोन्ही जगांचं मूळ एक होतं. विज्ञानातली एवढी अवघड कल्पना नारळीकरांनी दोन पानांच्या पाठभेदात बसवली, याला माझा नमस्कार आहे.

पण तुमच्या विद्यार्थिनीने शंका काढलीच आहे तर माझीही एक सांगते. बखर लढाईनंतर लिहितात, निकाल माहीत असताना. हरलेल्या लढाईची बखर आणि जिंकलेल्या लढाईची बखर त्या गोळीपर्यंत शब्दाला शब्द सारखी येणारच नाही. जिंकलेली बखर पहिल्या पानापासून वेगळी बोलेल. अपशकुन गाळील, भाऊंचा हट्ट हा निश्चय होईल. इतिहासकार वि. का. राजवाडे बखरींपेक्षा त्या त्या वेळी लिहिलेल्या पत्रांवर भिस्त ठेवत, ते याच कारणाने. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो पानिपतापर्यंतच्या पत्रांचाच. म्हणून मला वाटतं गंगाधरपंतांच्या खिशात पत्र यायला हवं होतं. आदल्या दिवशीचं पत्र दोन्ही जगांत अगदी एक, आणि दुसऱ्या दिवशीचं वेगळं.

प्रकाशवर्ष, तुमच्या म्हणण्याला एक जोड. कथा विज्ञानाच्या मागून आली नाही, आधी आली. मरे लेन्स्टरची 'साइडवाइज इन टाइम' जून १९३४ च्या 'अस्टाउंडिंग स्टोरीज'मध्ये आली, एव्हरेटच्या तेवीस वर्षं आधी. तिच्यात पृथ्वीचे तुकडे दुसऱ्या इतिहासातल्या तुकड्यांशी अदलाबदल होतात, आणि व्हर्जिनियातल्या एका लहान कॉलेजचा गणिताचा प्राध्यापक ते आधीच ओळखून विद्यार्थ्यांना घेऊन निघतो, कुठल्यातरी मागासलेल्या जगात जाऊन राजा व्हायला. जॅक विल्यमसनची 'द लीजन ऑफ टाइम' १९३८ ची. तिथे एक मुलगा रानातून लोहचुंबक उचलतो की खडा, यावर सगळं भविष्य फुटतं. वाङ्मय म्हणून दोन्ही मध्यम आहेत, पात्रं पुठ्ठ्याची आहेत. तरी लोहचुंबकाचं ते पान मुलांना वाचून दाखवा.

शनिवारसाठी मात्र मी सगळ्यांत आधी एच. जी. वेल्सची 'द प्लॅट्नर स्टोरी' घेईन. १८९६ ची, छोटी, एका बैठकीत होते. शाळेतला मास्तर हिरव्या पुडीचा स्फोट होऊन नाहीसा होतो, नऊ दिवस दुसऱ्याच जगात राहतो, आणि परत येतो तेव्हा त्याचं डावं-उजवं उलटलेलं असतं. काळीज उजवीकडे. म्हणजे पुरावा त्याच्या अंगातच आहे, काढून घेता येत नाही, हरवत नाही. मुलांनी ती वाचली की लगेच नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' द्या. ऐंशी वर्षांच्या अंतराने तीच कल्पना आपल्या मातीत कशी उगवली ते मुलं स्वतःच बघतील, तुम्हाला काही सांगावं लागणार नाही.

बेसाल्ट

वरचं सगळं वाचून राहवलं नाही. मी चंद्रपूरकडे कोळसा खाणीवर भूवैज्ञानिक आहे. 'हरवलेलं जग बाद झालं' म्हणणाऱ्या मुलासाठी थोडं.

डॉइलच्या पठाराशी ज्याचं नाव जोडतात तो रोराइमा, दक्षिण अमेरिकेतला सपाट माथ्याचा डोंगर, २,८१० मीटर. १८८४ मध्ये एव्हरार्ड इम थर्न आणि हॅरी पर्किन्स त्यावर चढले, म्हणजे कादंबरी आली तेव्हा वर डायनासोर नाहीत हे माहीतच होतं. पण वर जे आहे ते कमी नाही. तिथे एक इवलासा काळा बेडूक राहतो, त्याला उडी मारता येत नाही, तो खडकावरून चालतो. वरून फोटो काढून तो दिसणार नाही, त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं.

आणि व्लादिमिर ओब्रुचेव्ह विसरू नका. हा माणूस सैबेरियात आयुष्य घालवलेला खरा भूवैज्ञानिक. व्हर्न आणि डॉइल यांच्यातल्या शास्त्रीय चुका त्याला सलल्या म्हणून त्याने 'प्लुटोनिया' लिहिली, १९२४ मध्ये छापली गेली. पात्रं आर्क्टिकमधून पृथ्वीच्या पोटात उतरतात आणि जसजशी आत जातात तसतसा काळ मागे जातो. आधी मॅमथ, मग त्याहून जुने सस्तन प्राणी, मग ज्युरासिक. आम्ही बोअरहोलचा गाभा, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेला खडकाचा दांडा, पेटीत लावतो तेव्हा हाच क्रम असतो, वरचा थर तरुण, खालचा म्हातारा. ओब्रुचेव्हने तो क्रम माणसांना चालायला लावला. माझ्याकडे मॉस्कोत छापलेली इंग्रजी प्रत आहे, सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनातून वडिलांनी आणलेली. शिवण उसवली आहे, पण चित्रं शाबूत आहेत.

रुमाल_सोडताना यांच्या मुद्द्याला तर ती फारच लागू आहे. परतीच्या वाटेवर महायुद्ध सुरू झालेलं असतं, ऑस्ट्रियन जहाज यांचं जहाज पकडतं, आणि गोळा केलेला सगळा संग्रह जातो. दगड, कातडी, वनस्पती, सगळं. शास्त्रज्ञाला याहून मोठं दुःख नाही. ती पानं मला अजून सहज वाचवत नाहीत.

त्याची दुसरी कादंबरी 'सॅनिकोव्ह लँड', १९२६. ती तर खऱ्या नकाशावरून आली आहे. याकोव्ह सॅनिकोव्ह या व्यापाऱ्याने १८१० च्या सुमाराला सैबेरियाच्या उत्तरेकडच्या कोटेल्नी बेटाच्या उत्तरेला जमीन दिसल्याचं सांगितलं. बॅरन एदुआर्द टोललाही १८८६ मध्ये ती दिसली असं वाटलं. तो 'झार्या' जहाज घेऊन १९०० साली निघाला आणि १९०२ मध्ये बेनेट बेटावरून बर्फावर उतरला, तो परतलाच नाही. पुढच्या वर्षी शोधपथकाला त्या बेटावर त्याने ठेवलेले कागद सापडले, माणसं नाहीत. १९३७ मध्ये 'साद्को' हे बर्फफोड्या जहाज त्या जागेवरून गेलं, खाली नुसता समुद्र.

पण म्हणून सॅनिकोव्ह खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच समुद्रात सेम्योनोव्स्की आणि वासिल्येव्स्की नावाची बेटं होती, नकाशावर, मोजलेली. ती गोठलेल्या मातीची आणि बर्फाची. विसाव्या शतकात लाटांनी ती खाऊन टाकली. तेव्हा त्या मुलाला सांगा, नकाशावर असलेली जमीनही हरवते.

प्रकाशवर्ष

लेन्स्टरचं साल माहीत होतं, पण कथा एव्हरेटच्या इतकी आधी पोचली होती याकडे मी अशा नजरेने पाहिलं नव्हतं. तरी एक खटकतं. समांतर जगांत ये-जा होऊच शकत नाही, निदान एव्हरेटच्या मांडणीत तरी. शाखा फुटली की फुटली. मग पुराव्याचा प्रश्न येतोच कुठे? तिथून काही आणताच येत नाही.

शिवाय रुमाल_सोडताना, तुमचं ते पत्राचं. पानिपतावर शेवटच्या आठवड्यांत छावणीची नाकेबंदी झाली होती. रसद तुटली तशी डाकही तुटली. आदल्या दिवशीचं पत्र गंगाधरपंतांना मिळणार कुठून?

शुभ्रा_मिरज

तुम्हा सगळ्यांची मी फार आभारी आहे. दोन कागदांची जुळणी आजच वर्गात करून घेतली. मुलांनी धड्यातले ते दोन उतारे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि कुठे फुटतात ते खडूने अधोरेखित केलं. ती मुलगी म्हणाली, "आता अर्धा विश्वास बसला." उरलेल्या अर्ध्यासाठी तिला रुमाल_सोडताना यांची बखरीवरची शंका सांगितली, तर ती एकदम खूश. तिचं म्हणणं, मग कथा नव्याने लिहा की, पत्र घालून!

म्हणून विचारते. मुलांकडून असं पत्र लिहून घेता येईल का? मोडी त्यांना येत नाही, भाषाही जुनी आहे. 'द प्लॅट्नर स्टोरी' या शनिवारी घेते आहे. व्हर्न कधी घेऊ?

रुमाल_सोडताना

प्रकाशवर्ष, डाकेचं तुमचं बरोबर आहे, आणि त्यातूनच मला हवं ते पत्र सापडलं. छावणीतून नव्हे, सावकाराकडून.

नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते, भेलशाच्या (आजच्या विदिशाच्या) बाजूला होते, आणि पानिपताची बातमी त्यांना पोचली ती एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा (सुटी नाणी) किती गेला त्याची गणती नाही, अशा अर्थाचं. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. सावकाराला आपला पैसा कुठे अडकला, रस्ते कोणाच्या ताब्यात आहेत, हे सगळ्यांच्या आधी कळावं लागतं, त्यामुळे त्याचा जासूद सैन्याच्या आधी पोचतो. आणि तो हिशेबाच्या भाषेत लिहितो, वाटेत पत्र फुटलं तरी कोणाला अर्थ लागू नये म्हणून.

आता त्या दुसऱ्या जगातही सावकार आहे. त्याचेही पैसे अडकले आहेत. त्याचा जासूद त्याच वाटेने येणार, तीच भाषा वापरणार. फक्त मोजणी निराळी. हे पत्र निकालानंतरचं असलं तरी त्यात बखरीची बढाई येणार नाही, कारण लिहिणाऱ्याला शौर्याशी कर्तव्य नाही, त्याला खतावणी जुळवायची आहे. गंगाधरपंतांच्या खिशात हे यावं. आपल्या जगातलं पत्र आणि तिकडचं पत्र, शेजारी शेजारी.

तिथून काही आणताच येत नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा मला विज्ञान म्हणून मान्य. तरी कथेने तेवढी एक सूट घ्यावी, घेतल्याचं लपवू नये, आणि बाकी सगळीकडे काटेकोर राहावं. वेल्स हिरवी पुडी कशाची होती ते सांगतच नाही, पण मास्तरच्या जुन्या फोटोतला चेहरा आणि आताचा चेहरा कसे उलटे आहेत ते बारकाईने सांगतो. व्हर्नही तसाच. आइसलँडच्या ज्वालामुखीतून पृथ्वीच्या पोटात उतरता येणं ही सूट. पण १८६४ च्या त्या कादंबरीची सुरुवात बघा: जुन्या पुस्तकातून एक चर्मपत्र खाली पडतं, त्यावर रूनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली, अक्षरं. ती अक्षरं लॅटिन लिपीत उतरवली तरी अर्थ लागत नाही, काका डोकं फोडतो, आणि शेवटी पुतण्याला उमगतं की उलटीकडून वाचायचं आहे. ही प्रकरणं माझ्या कामाच्या इतकी जवळची आहेत की मी ती दर पावसाळ्यात पुन्हा वाचते. शुभ्राताई, व्हर्न पत्रलेखनाच्या आधी घ्या. निदान चर्मपत्राचा भाग तरी. पूर्ण कादंबरी मुलं नंतर आपापली वाचतील. मराठीतून हवी असेल तर भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांसाठी मराठीत आणला आहे, वाचनालयात विचारून बघा.

पत्र जरूर लिहून घ्या. मोडीची गरज नाही, बालबोधमध्ये, म्हणजे देवनागरीत, लिहू द्या. जुनी भाषा ओढूनताणून आणायला लावू नका, हिशेबाची भाषा पुरे. मात्र काही अटी घाला. लढाई, विजय, शत्रू, मृत्यू हे शब्द वापरायचे नाहीत. सगळं मोती, मोहरा, रुपये, खुर्दा, कापड, घोडी यांतच सांगायचं. मायना सावकाराने पेशव्यांना लिहावा तसा, अदबीचा. आणि जिंकलेल्या जगातही काही मोहरा हरवलेल्या असल्या पाहिजेत, हे मुलांना बजावून सांगा. एकही मोहर न हरवता पानिपत जिंकणारा कागद माझ्या टेबलावर आला तर मी तो पहिल्या ओळीतच बाजूला ठेवीन.

लिहून झाली की पत्रं बाकावरून बाकावर फिरवा. ज्याच्या हातात पडेल त्याने सांगायचं, विश्वासराव वाचले का, भाऊ वाचले का, आणि कशावरून. त्या मुलीला तपासनीस करा. तिचं कोणत्या पत्रावर समाधान होतं ते मला इथे येऊन कळवा, मी वाट बघते. शेवटच्या ओळीखाली लेखनसीमा घालायला मात्र सगळ्यांना सांगा, नाहीतर शेजारचा मुलगा आणखी दोन मोहरा वाढवील.